सम्राटाच्या चित्राची खिटी

नागपूरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकलेल्या मुलीला अमेरिकेत काय काम मिळणार, याची चर्चा माझ्या लग्नाआधीच नातेवाइकांत होऊन गेली होती. "तिकडे जाऊन काय, दगडच वेचशील का?" असं एका मामांनी हसत हसत विचारलंही होतं. न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीला आल्यावर पहिले कित्येक महिने दगडसुद्धा वाट्याला आले नाहीत. नवरा एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. तेलकंपन्यांच्या नोकऱ्या टेक्सासकडे, खाणींच्या त्याहून लांब. मी आपली जवळच्या एका दागिन्यांच्या दुकानात अधूनमधून खडे पारखून द्यायला जायचे. माणिक खरं की काच, एवढं सांगितलं की काम संपलं.

मग नवऱ्यानंच एके दिवशी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरलं. बसनं जाता येईल अशा एका गावातल्या जुन्या संग्रहालयाला खनिजं ओळखू शकणारं माणूस हवं होतं, तात्पुरत्या कामासाठी. "यार, हे तर तुझंच काम आहे," तो म्हणाला. "अप्लाय कर ना!"

आशियाई कलेच्या विभागाच्या प्रमुख एक चिनी बाई होत्या. साठीच्या आसपास वय, कापलेले पांढरे केस, आणि हात असे की ते नेहमी काहीतरी अलगद उचलून ठेवण्याच्या तयारीत. लहानपणी त्या चीन सोडून तैवानला गेल्या, तिथून शिकायला इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मी मनात त्यांना 'बाई' म्हणायचे. आपल्याकडे शाळेत शिकवणाऱ्यांना म्हणतात तसंच. पुढे त्या खरोखर माझ्या बाई झाल्या.

मुलाखतीत त्यांनी माझ्या डिग्रीबद्दल फार काही विचारलं नाही. टेबलावर दोन हिरवट तुकडे ठेवले आणि म्हणाल्या, "यातला जेड कोणता?"

नुसतं बघून सांगायचा मोह झाला होता, पण कॉलेजातल्या आमच्या सरांनी आम्हाला ती सवय लावलेली नव्हती. मी विचारलं, "तराजू आहे का? आणि पाण्याचं भांडं, बारीक दोरा?"

त्यांनी स्वतः उठून सगळं आणलं. मी दोन्ही तुकड्यांचं आधी हवेत वजन केलं, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून पुन्हा वजन केलं. दगड त्याच्या आकाराच्या मानानं किती जड आहे हे त्यावरून कळतं, आणि नकली माल तिथंच उघडा पडतो. एक तुकडा सर्पेंटाइन निघाला. दिसायला जेडसारखा, पण हलका आणि मऊ. दुसरा खरा नेफ्राइट, म्हणजे चिनी लोकांनी हजारो वर्षं ज्याला जेड मानलं तो दगड.

बाई म्हणाल्या, "तुझ्याआधी आलेल्या सगळ्यांनी हातात घेऊन उत्तर दिलं. काहींचं बरोबरही आलं." मग तराजू बाजूला ठेवत, "सोमवारपासून ये."

घरी येताना बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून एकटीच हसत होते. मला वाटतं, शेजारची बाई जागा बदलून बसली.

काम होतं एका खणाचं. खणावर नुसतं 'जेड, लहान' असं लिहिलेलं. आत कापसाच्या गाद्यांवर चकत्या, बटणं, मणी, चपट्या पट्ट्या, काय काय होतं. कुणा श्रीमंत घराण्यानं कधीकाळी दिलेलं, आणि कुठली वस्तू कशाची याचा पत्ता नव्हता. यातलं जेड किती, संगमरवर किती, काच आणि हाड किती, हे मी सांगायचं होतं.

त्यातल्या चपट्या पट्ट्या कशासाठी असतात ते मला माहीत नव्हतं. बाईंनी कपाटातून एक गुंडाळलेलं चित्र काढलं आणि समजावून सांगितलं. चिनी लोकांची काही चित्रं भिंतीवर टांगायची नसतात. ती रेशमावर नाहीतर कागदावर काढलेली, लांबच लांब असतात. टेबलावर ठेवून, उजवीकडून डावीकडे थोडी थोडी उलगडत बघायची आणि बघून झाली की पुन्हा गुंडाळायची. आत एक लाकडी गज असतो, आपल्या लाटण्यापेक्षा बारीक. त्याच्या दोन्ही टोकांना जेडच्या चकत्या बसवतात. बाहेरून किनखापाचं आवरण. त्याला शिवलेली रेशमी फीत चित्राभोवती गुंडाळायची, आणि फितीच्या टोकाला बांधलेली जेडची खिटी त्या वेढ्यांखाली सरकवायची. झालं चित्र बंद.

"राजवाड्यात यासाठी वेगळे कारखाने होते," बाई म्हणाल्या. "अठराव्या शतकातल्या सम्राटाला चित्रांचं वेड होतं आणि जेडचंही. चित्राला शोभेल अशी खिटी करून घ्यायचे. बोटाएवढ्या दगडावर ड्रॅगन."

नेफ्राइट किती चिवट असतो हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याच्या आत सूक्ष्म तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो हातोडीलाही सहज दाद देत नाही. सुरीनं तर तो कोरताच येत नाही. फिरत्या चाकावर ओली वाळू लावून घासत घासत आकार काढावा लागतो. पण ते पुस्तकातलं ज्ञान आणि भिंगाखाली दिसणारी ती ड्रॅगनची शेपटी, यांत फार अंतर होतं. शेपटीचं वळण इतकं सहज होतं, जणू लोण्यावर बोट फिरवावं. मी भिंग खाली ठेवलं आणि नुसती बघत बसले.

वर्षभरात मी तो खण लावत आणला. दरम्यान मला दिवस गेले. सातव्या महिन्यापर्यंत बसनं जात होते, मग नवरा ऑफिसला जाताना सोडायला लागला. मुलगी झाली आणि मी गृहीत धरलं की आता हे काम गेलं. तात्पुरतंच तर होतं. बाईंनी फोन करून "तुझी जागा मी भरलेली नाही" असं सांगितलं तेव्हा मी गुळमुळीत काहीतरी बोलून फोन ठेवला.

तोवर नागपूरहून आई आली होती. आई आमच्या घराण्यातली पहिली मॅट्रिक झालेली बाई. पुढे म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिनं आयुष्यभर शिकवलं आणि नुकतीच निवृत्त झाली होती. तिनं फोनवरचं माझं बोलणं ऐकलं होतं.

"कोण होतं?"

"आमच्या म्युझियमच्या बाई."

"बोलावतात का?"

"हो. पण बाळ एवढंसं आहे आई. कसं जाणार?"

आई बाळाला मांडीवर घेऊन तेल चोळत होती. हात न थांबवता म्हणाली, "काहून नाही जाणार? मी कशाला आली मग इतक्या दूर? बर्फ पाहायला?"

"अगं, पण..."

"हे पाह्य, तुला मी शिकवली ते पाळण्याजवळ बसून राहायला नाही. बाळ मी पाहते. जावई दूध तापवू शकतात, त्यांना हात आहेत."

नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "आई, मी डायपरही बदलतो."

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. आणि मी परत कामाला गेले.

त्या वेळी संग्रहालयात एका प्रदर्शनाची तयारी चालली होती. त्यात मधोमध ठेवायचं होतं एक लांब चित्र. नदी, डोंगर, धुक्यातले पूल, होड्या. ते राजवाड्यातून आलेलं असावं असं चित्रावरच्या शिक्क्यांवरून दिसत होतं. पण त्याची अवस्था एखाद्या राजकन्येला गोणपाट नेसवावं तशी. गजाची टोकं उघडी, रेशमी फितीच्या जागी सुती नाडी, खिटीचा पत्ता नाही. असं पुष्कळदा व्हायचं, बाईंनी सांगितलं. विकणारे लोक चित्र एकाला विकायचे आणि जेड दुसऱ्याला.

एका दुपारी बाईंनी मला गजाची टोकं बघायला सांगितली. दोन्ही टोकांना उथळ खळगी होती. मला खणातल्या दोन पांढऱ्या चकत्या आठवल्या. त्या वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या, कारण कुणीतरी पूर्वी त्यातली एक जेड आणि दुसरी संगमरवर ठरवली होती. वजन करून दोन्ही नेफ्राइटच आहेत हे मी आधीच दाखवलेलं होतं. आता त्या शेजारी ठेवल्यावर दिसलं की एकीच्या कडेला तपकिरी रेघ आहे आणि तीच रेघ दुसरीत पुढे जाते. नदीतल्या जेडच्या गोट्याला वरून अशी तपकिरी साल असते. म्हणजे दोन्ही चकत्या एकाच गोट्यातून लागोपाठ कापलेल्या. खळग्यांत त्या अलगद, अचूक बसल्या.

माझे कान गरम झाले. बाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

"खिटी," त्या हळूच म्हणाल्या.

खणात खिट्या बऱ्याच होत्या. कुठली या चित्राची, हे कसं ठरवायचं? मी किनखापाचं आवरण बघायला लागले. निळं होतं, पण उजेडानं आणि धुळीनं राखाडी पडलेलं. टेबलावरच्या दिव्याचा उजेड वरून पडत होता, तो दिवा मी बाजूला वाकवून आडवा केला. आडव्या उजेडात दगडावरचे ओरखडे दिसतात, ही माझी जुनी सवय. आणि रेशमावर ते उमटलं. आधी फितीच्या वेढ्यांचे गडद निळे पट्टे, आणि त्यांच्यामध्ये एक लांबट आकार, जरासा दबलेला, जिथं मूळचा निळा रंग शाबूत राहिला होता. खिटी वर्षानुवर्षं तिथं बसून होती, तिच्याखाली उजेड पोचलाच नव्हता. त्या आकाराचं एक टोक गोल होतं आणि दुसऱ्या टोकाचा कोपरा तिरका तुटलेला.

"बाई," मी म्हणाले. चक्क मराठीत. त्यांनी बरोबर माझ्याकडे बघितलं.

तुटक्या कोपऱ्याची खिटी मला तोंडपाठ होती. शिंगं नसलेला ड्रॅगन अंग वळवून बसलेला, आणि कोपऱ्याचा टवका उडालेला. खणातून काढून आणताना मी ती दोन्ही हातांत धरली होती. बाईंनी मधे पातळ कागद ठेवला, मी वर खिटी ठेवली. गोल टोकाखाली गोल टोक. तुटक्या कोपऱ्याखाली तुटका कोपरा.

बाईंनी डोळे पुसले आणि चिनी भाषेत काहीतरी पुटपुटल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "मी इथं इतकी वर्षं काम करते. हे आवरण मी कितीदा हातात घेतलं असेल. दिवा कधी वाकवला नाही."

"मला दगड बघायची सवय आहे, म्हणून," मी म्हणाले.

"म्हणूनच तुला घेतलं," त्या म्हणाल्या.

न्यूयॉर्कहून एक तज्ज्ञ बघायला आले. उंच, म्हातारे गृहस्थ, त्या विषयातलं मोठं माणूस. ते सगळे प्रश्न बाईंना विचारत होते. बाईंनी दोन प्रश्नांना उत्तरं दिली आणि तिसऱ्याला म्हणाल्या, "हे हिनं शोधलंय. हिलाच विचारा."

माझं इंग्रजी तेव्हा घाईत असलं की अडखळायचं. मी ठरवलं, घाई करायची नाही. वर्गात सरांपुढे नमुना सांगायचो तशी सुरुवात केली. आधी दगड कोणता, मग तो कशावरून, मग चकत्यांतली रेघ, मग रेशमावरची खूण. दिवा वाकवून त्यांच्या हातात दिला. ते बराच वेळ खाली वाकून बघत राहिले. मी पारदर्शक कागदावर काढून ठेवलेला खिटीचा आकार स्वतः जुळवून पाहिला, उलटा करूनही पाहिला. चूक शोधायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला आणि मला ते आवडलं. शेवटी पाठ सरळ करून ते माझ्याकडे वळले आणि हात पुढे केला.

"अभिनंदन. आता हे पुन्हा वेगळं होऊ देऊ नका."

बाईंनी नवी रेशमी फीत आणवली आणि स्वतः शिवली. चकत्या मी बसवल्या, कधी काढायची वेळ आली तर निघतील अशा साध्या खळीनं. शेवटी चित्र गुंडाळून बाई बाजूला झाल्या. "बांध." मी फीत वेढली. फार घट्ट नको, चित्राला सुरकुती पडते. फार सैल नको, खिटी सुटते. हे त्यांनी मला कागदाच्या गुंडाळीवर किती दिवस घटवून घेतलं होतं! खिटी वेढ्यांखाली सरकली आणि ड्रॅगन वर तोंड करून बसला. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला अभिमानाखेरीज दुसरा शब्द नाही, आणि मी तो शोधतही नाही.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी आईनं ट्रंकेतून पांढरीशुभ्र साडी काढली. बुद्धपौर्णिमेला, वंदनेला नेसतो ती. बाहेर थंडी होती, म्हणून वरून नवऱ्याचा जाड कोट. संग्रहालयाच्या दारात तिनं तो काढून त्याच्या हातात दिला आणि बाळाला खांद्यावर घेऊन ताठ मानेनं आत शिरली. लोक वळून बघत होते. तिला त्याचं काही नव्हतं.

चित्र अर्धं उलगडून काचेखाली ठेवलं होतं. फीत आणि खिटी शेजारी मोकळी सोडलेली, नीट दिसतील अशी. बाजूच्या पाटीवर माहिती होती आणि शेवटच्या ओळीत, जेडची ओळख कुणी पटवली त्याचं नाव. आईला इंग्रजी बोलता येत नसे, पण वाचता यायचं, सावकाश, अक्षर लावत. तिनं पूर्ण पाटी वाचली. माझ्या नावाशी आल्यावर थांबली. मी लग्नानंतर नाव बदललं नव्हतं. तिनं आमचं आडनाव मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, बाळाच्या कानाशी.

"या आडनावाला तुझ्या आबांना हॉटेलात वेगळा कप असायचा," ती म्हणाली. आबा म्हणजे माझे वडील. ते हे बघायला नव्हते. आईच्या आवाजात रडू नव्हतं. हजेरी घेताना असायचा तसा स्वच्छ आवाज होता.

बाई भेटायला आल्या. दोघींनी एकमेकींना हात जोडले. त्यांनी बाळाला घेतलं आणि आईनं मला मधे उभं करून विचारलं, "यायले विचार, हे कोरलं कोणी?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "राजवाड्यातल्या कारागिरांनी. नावं बहुतेकांची टिकली नाहीत."

"राजाचं टिकलं?"

"हो, त्याचं तर शिक्क्यांत आहे, चित्रावरच."

आई खिटीकडे बघत राहिली. "माझी माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायची," ती म्हणाली. "त्या रस्त्यानं मोठमोठे साहेब गेले. तिचं नाव कोणाले माहीत? सांग त्यांना, पाटीवर लिहा म्हणावं. नाव नाही तर नाही, पण माणसानं कोरलं इतकं तरी लिहा."

मला संकोच वाटला. पण आईचं बोलणं अर्धवट सांगायची माझी हिंमत नव्हती. मी शब्दन् शब्द सांगितला. बाईंनी ऐकून घेतलं, बाळाला माझ्याकडे दिलं आणि पाटी स्वतः पुन्हा वाचायला लागल्या, जणू दुसऱ्या कुणी लिहिली आहे.

पुढच्या आठवड्यात पाटी बदलली. 'सम्राटासाठी बनवलेली' याच्या आधी एक वाक्य आलं: राजवाड्याच्या कारखान्यातल्या कारागिरांनी हाताने घासून कोरलेली, त्यांची नावं नोंदवली गेली नाहीत. मजकूर बाईंनी मला लिहायला लावला होता. माझी नोकरीही त्याच वर्षी कायम झाली, पण खरं सांगते, ते एक वाक्य मला नेमणुकीच्या कागदापेक्षा मोठं वाटलं.

आई परत जायच्या आधीच्या रविवारी आमच्या अपार्टमेंटमध्ये मंडळी जमली. आमच्यासारखीच नागपूर, मुंबई, पुण्याकडची कुटुंबं आणि शिकायला आलेली दोन-तीन मुलं. वंदना झाली, जेवणं झाली. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते तेव्हा बाहेर आईचा शिकवतानाचा आवाज ऐकू आला. डोकावून बघते तर तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याची गुंडाळी केली होती. त्याला माझ्या जुन्या साडीच्या काठाची फीत, आणि खिटी म्हणून बाळाचा छोटा कंगवा.

"नेफ्राइट," आई ठासून सांगत होती. "जेडमधला हा एक. सुरीनं कोरल्या जात नाही. पाणी अन् वाळू, पाणी अन् वाळू, महिनोन् महिने. अन् ही खिटी कुठल्या चित्राची, ते माझ्या पोरीनं हुडकलं."

एक काका कौतुकानं म्हणाले, "म्हणजे मावशी, तुम्हीच आता लेक्चर द्यायला जा म्युझियममध्ये."

"बोलावलं तर जाईन," आई म्हणाली.

इथंच जन्मलेली एक सात-आठ वर्षांची मुलगी पुढे सरकली. "आजी, कॅन आय ट्राय?"

आईनं कॅलेंडर तिच्या हातात दिलं, तिच्या मागे बसून तिची बोटं आपल्या बोटांत धरली आणि म्हणाली, "कर नं. जास्त ओढू नको. हं, आता सरकव."